खोक्यातला कोळसा

२२ जुलै, मंगळवार

पाक पुन्हा कडक झाला! आणखी एक परात वाया. वडी बोटाने दाबली तर दबायला हवी, मोडायला नको — आणि आमचे हात जन्मभर कट्‌कन मोडणारी चिक्की करण्यात गेलेले. जित्याची खोड, दुसरं काय!

तेजलला फोन केला. म्हणते, "आई, भुकेने त्या पोरांची तोंडं आतून सोललेली असतात. कडक वडी दिलीस तर नुसती हातात धरून बसतील." मग काय, भट्टी पुन्हा पेटवली.

हे सगळं माझंच कर्तृत्व. तेजलची पुण्यातली संस्था सुदानच्या लढाईतून पळालेल्या लोकांना खाणं पुरवते. शेजारच्या चाड देशात, हद्दीवर, ताडपत्र्यांखाली पडून आहेत बिचारे. लहान मुलांसाठी शेंगदाणा-गुळाची मऊ वडी हवी होती. "लोणावळ्याची चिक्की काय फक्त भुशी डॅमवर भिजायला येणाऱ्यांनीच खायची?" — मीच म्हणाले! हौसेने. मालामागोमाग पोरगीही वाटप बघायला तिकडे जाणार, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

जाणार, पण माल तपासणीत पास झाला तर. नापास झाला तर ती इथेच राहणार, दुसरा कारखाना शोधत. तिने हे अगदी सहज सांगितलं. माझ्या डोक्यातून जात नाहीये.

२४ जुलै, गुरुवार

जमला एकदाचा पाक. आता खोकी भरणं. कस्तुरामावशी भरतायत. भुशीहून येतात, सासूबाईंच्या वेळेपासून आहेत. म्हटलं, मावशी, किती हळू? तर म्हणाल्या, "भरू द्या वैनी. पोरांच्या तोंडात जायाचंय."

रात्री जेवताना ह्यांच्याकडे विषय काढला. म्हटलं, तेजलला जाऊ नको म्हणून तुम्ही सांगा, तुमचं ऐकते. ह्यांची नोकरी रेल्वेत, सिग्नल खात्यात, बोलणंही तसलंच. "सिग्नल पडला की गाडीने जायचं असतं, सारिका."

"आणि पुढे रूळ उखडलेले असले तर?"

"ते ड्रायव्हर बघेल." वर आमटी वाढ म्हणे!

असा बाप. एकुलती एक लेक, आणि ह्यांना आमटी हवी.

२५ जुलै, शुक्रवार

बातम्या बघायच्या नाहीत असं ठरवलं होतं. बघितल्या. छावणीकडे धान्य घेऊन निघालेली एक गाडी वाटेत जाळली. कुठल्या संस्थेची, ते सांगितलं नाही. भाताला फोडणी देते आहे की चहाला, कळेना.

२७ जुलै, रविवार

काय लिहू!

सगळी खोकी भरून, पट्टी लावून भिंतीशी रचली. मंगळवारी तपासणीचे लोक येणार. कस्तुरामावशी घरी निघाल्या. चपला घालता घालता म्हणतात, "काळजी नगं वैनी. परत्येक खोक्यात येकयेक खडा ठिवलाय म्या."

"कसला खडा?"

"कोळशाचा. खाणं शीव वलांडून चाललंय, मोकळं कसं सोडायचं? मागं काय लागलं म्हंजी? आमी डोंगरापल्याड लेकीला डबा धाडला तरी ठिवतो. हितं तर समिंदर वलांडायचाय. आन् तितं लडाई!"

म्हटलं, अहो मावशी, एक तुकडा जरी निघाला तरी सगळा माल नापास! कुणा पोराच्या तोंडात गेला तर?

"वडीत न्हाई वो घातला. बुडाला ठिवलाय. कागदात बांधून."

नको नको ते बोलले. उद्यापासून येऊ नका, हेही बोलले. त्यांनी छत्री उचलली आणि गेल्या. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता खरं ते लिहिते. इथे नाही तर कुठे लिहिणार? ओरडत होते ना, तेव्हाच मनात लख्ख आलं — नापास. माल नापास झाला की तेजल घरी! मला काही करायचंच नाही. फक्त गप्प बसायचं. खडे काही मी ठेवले नाहीत. मला कोण बोल लावणार?

आणि मला बरं वाटलं. घरी येऊन चहा केला, वेलची घालून. बऱ्याच दिवसांनी चहाची चव लागली. शी! काय बाई आहे मी!

२८ जुलै, सोमवार

सकाळी पोहे खाताना ह्यांना कोळशाचं सांगितलं. गप्प बसायचा बेत सांगितला नाही. "खुळचटपणा!" हे गरजले. "मंगळावर यानं चाललीत आणि ह्या खोक्यात कोळसे ठेवतायत! शिकल्यासवरल्या घरात!" एवढा आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता. लेक जाणार म्हणाली तेव्हा कुठे होता हा आवाज?

कारखान्यात गेले. कुणी आलं नव्हतं. खोक्यांकडे बघत उभी राहिले. गप्प बसायचं, बस्स. अजून एक दिवस.

कालची एक वडी परातीत उरली होती. उगाच तोंडात टाकली. दात लावावाच लागला नाही. जिभेवर विरली आणि खाली गेली. इतकं मऊ मी कधीच काही केलं नव्हतं. तेजलला दात येत होते, हिरड्या सुजल्या होत्या, ती काही म्हणजे काही तोंडात घेईना, तेव्हाची जिवाची तगमग आठवली. तिकडे कुणीतरी आई आत्ता तशीच बसली असेल. मांडीवर पोर घेऊन. आणि मी माझी पोरगी घरात राहावी म्हणून तिच्या पोराचा घास इथे भिंतीशी अडवून ठेवणार?

सुरी घेतली आणि पहिलं खोकं फाडलं.

मग सगळ्या बायकांना फोन. हेसुद्धा रजा टाकून आले, पुटपुटत पट्ट्या कापायला बसले. प्रत्येक खोक्याच्या बुडाशी वर्तमानपत्राची इवलीशी पुडी, वैद्याकडच्या औषधासारखी बांधलेली. किती निगुतीने केलं होतं म्हातारीने! मला बघवेना. ह्यांनी सगळ्या पुड्या बादलीत गोळा केल्या आणि "फेकून येतो हा कचरा" म्हणून गेले. तेजलला फोनवर सगळं सांगितलं. आधी चिडली, मग म्हणाली, "आई, तू वेळेवर उघडलंस म्हणून. थँक्यू."

थँक्यू! आणि मला!

२९ जुलै, मंगळवार

पास. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

९ ऑगस्ट, शनिवार

न्हावाशेवाहून माल गेला. तेजल म्हणते, बोट, मग बंदर, मग ट्रकने आणखी एक अख्खा देश ओलांडायचा. दिवाळीनंतर पोचेल. तेव्हा ती विमानाने जाईल.

कस्तुरामावशी येत नाहीत. मी बोलावलं नाही. कुठल्या तोंडाने बोलावू?

२५ ऑक्टोबर, शनिवार

तेजल दिवाळीला येऊन गेली. दंडावर लसींच्या सुया टोचून घेतलेल्या, हात सुजलेला. मी लाडू वळताना मध्येच रडले. म्हणाली, "आई, मी लढायला नाही चाललेय. वड्या वाटायला चाललेय." म्हटलं, गोळीला ते कळतं का?

हे पेपर वाचत होते. पान उलटलं, एवढंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शेवटी आज गेले भुशीला. उरलेल्या फराळाचा डबा घेऊन. चकल्या मऊ पडलेल्या, तरी नेल्या.

कस्तुरामावशी चुलीपुढे बसल्या होत्या. "या वैनी, बसा." जसं काही झालंच नाही! म्हटलं, मावशी, माझं चुकलं, उद्यापासून या. "येते की." एवढ्यावरच संपलं. मी काय काय पाठ करून गेले होते!

काम झालं होतं. पण उठवेना. मावशींनी विचारलं, "तायडी कवा निघायची?"

"परवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग फराळ परातीत ओतून घेतला, डबा पुसला, चुलीच्या कडेचा एक विझलेला खडा चिमट्याने उचलला, फुंकर मारली, कागदात बांधला. "भांडं रिकामं देऊ न्हाई," म्हणाल्या आणि तो डब्यात टाकून झाकण लावून दिलं. "तिला सांगू नगा. ज्याच्यासाठी ठिवायचा त्याला ठावं नसावं."

आणि मी घेतला. मी! बी.एस्सी. केमिस्ट्री!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तेजल अंघोळीला गेली तेवढ्यात बॅगेच्या तळाशी, मोज्यांखाली पुडी सरकवली. जशी चोरीच करते आहे. ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील.

तेवढ्यात ह्यांची हाक — "माझा चौकड्यांचा रुमाल कुठंय? धुतलेला दे." लेक उद्या लढाईच्या तोंडाशी चाललीय आणि ह्यांना रुमाल सुचतोय! अंगावर फेकला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गेली. विमानतळावर हे तिला म्हणाले, "पोचलीस की कळव." बास. परत येताना अख्ख्या घाटात एक शब्द नाही. माणूस आहे की दगड!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तेजलचा फोन आला. आवाज तुटत होता. ती छावणीत पोचली, मालही पोचला. पहिली वडी एका लहान मुलीने आधी दाबून पाहिली, मग अख्खी तोंडात टाकली.

"आई, बॅग आज उघडली. कोळसे निघाले त्यात."

सापडलाच शेवटी! मग ऐकलेलं नीट कळलं. कोळसे?

"दोन. मोज्यांखालचा तुझा, ते ओळखलं. दुसरा स्वेटरच्या घडीत होता. मावशींच्या त्या वर्तमानपत्राच्या पुडीसकट, बाबांच्या चौकड्यांच्या रुमालात बांधलेला."