सगळं पिशवीत, हलायचं नाही

ग्रिम्झ्बी,
मंगळवार, १५ जून १९९३

प्रिय एडनामावशी,

रॉझचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेली पट्टी बांधतेस, की ती पुन्हा मांजराच्या टोपलीत गेली? तुझा लेक क्लाइव्ह बरा आहे ना? मासळीचा कारखाना बंद झाल्यापासून त्याला कुठं काम लागलं का? (हा प्रश्न मी पत्राच्या शेवटी पुन्हा विचारणार आहे, तेव्हा उत्तर तयार ठेव.) जेफने तुला नमस्कार सांगितला आहे; म्हणजे सांगेल, भेटला की. हल्ली आम्हा नवराबायकोची गाठ रविवारीच पडते. एरवी आम्ही फ्रिजवर चिठ्ठ्या लावून संसार करतो.

फोन न करता पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. मावशी, तुला फोनवर ऐकू येत नाही याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जे ऐकू येतं ते तू मोठ्यानं परत म्हणतेस, आणि तुमच्या घरांच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. ही गोष्ट शेजारी जाऊन चालणार नाही. वाचतानासुद्धा ओठ हलवू नकोस. शनिवारी सकाळी मला पोलीस ठाण्यात जाऊन जबानीवर सही करायची आहे. जबानी टाइप होऊन तयार आहे, फक्त एक ओळ मोकळी आहे: ‘सदर इसमाला आपण ओळखता काय?’ त्या ओळीत काय भरायचं, या विचाराने माझी झोप उडाली आहे. डायरीत तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं. आता तुझ्यावाचून मला कुणी सोडवणारं नाही.

पण मुळापासून सांगते. एप्रिलपासून घोड्यांवरच्या पैजेची दुकानं रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला सरकारने परवानगी दिली, हे तू ऐकलं असशील. उन्हाळ्यात संध्याकाळच्याही शर्यती असतात, लोकांची सोय व्हावी, असा सरकारचा हेतू. (लोकांच्या सोयीत आम्ही दुकानवाले धरलेले नाही. कायदा दोनदा वाचला. आमचा उल्लेख नाही.) इतकी वर्षं आमचं दुकान साडेसहाला बंद व्हायचं, आणि शटरचा आवाज ऐकला की रस्त्यावरच्या बायका बटाटे आधणातून बाहेर काढायच्या, कारण नवरा पाच मिनिटांत दारात येणार हे ठरलेलं. आता शटर पडत नाही, नवरे येत नाहीत आणि बटाट्यांचा लगदा होतो. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक विल्फ स्टॅम्प, त्याची बायको तर एका ताटावर दुसरं ताट उपडं घालून जेवण दुकानातच आणून आदळते आणि माझ्याकडे अशी बघते, की जणू मीच तिच्या नवऱ्याला फूस लावून ठेवून घेतलंय. परवा म्हणाली, “त्याचं अंथरूणपण पाठवू का गं?” मी हसले. ती नाही हसली.

आमची स्थिती काय सांगू? चर्चच्या गायनवर्गातलं माझं नाव गेलं. चहा मी दुपारी तीननंतर सोडला, कारण संध्याकाळी दुकानात एकटी असते आणि एकट्या माणसाला काउंटर सोडून संडासला जायची मुभा नाही. (आपल्यात चहा सोडणं म्हणजे धर्म सोडण्यासारखंच.) आधी आम्ही दोघी होतो, मी आणि नोरीन. गुरुवारची संध्याकाळ तिची असे, मला सुट्टी. पण मे महिन्यात तिच्या मुलीने तिला ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं, निदान नोरीन तरी तसं सांगते, आणि तिने नोकरी सोडली. मी आमच्या प्रेंडरगास्टसाहेबांना म्हटलं, दुसरं माणूस द्या. ते म्हणाले, संध्याकाळी गर्दी नसते, एक पुरे. मी म्हटलं, साहेब, गर्दी नसते म्हणूनच तर दोघं हवीत. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. साहेबांना लिहून घ्यायची सवय आहे, वाचायची नाही. तेव्हापासून दारावरची घंटा वाजली की माझा हात पैशाच्या पेटीच्या कुलपावर जातो, आणि आत येणारा माणूस ओळखीचा निघाला की मग परत येतो.

गेल्या गुरुवारी घंटा वाजली तेव्हा आठ वाजायला आले होते. बाहेर लख्ख ऊन, खिडकीची काच तापलेली. दुकानात विल्फ आणि आणखी दोन म्हातारे टीव्हीच्या पडद्याकडे तोंड करून. आत आला तो माणूस डोळ्यांपुरती भोकं असलेली लोकरीची काळी टोपी डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढून. जूनमध्ये! आता तू म्हणशील, रॉझ, तुला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मावशी, या बंदरावर बारा महिने काहीही घालणारी माणसं मी पाहिली आहेत; विल्फ स्वतः गमबूट काढत नाही. शिवाय मी बेरजेत होते. त्याने काउंटरच्या काचेखालच्या फटीतून आमचीच, घोड्यांची नावं लिहायची चिठ्ठी आत सरकवली. वर एक ओळ: ‘सगळं पिशवीत’. खाली दुसरी: ‘हलायचं नाही’.

मावशी, मी आठ वर्षं घोड्यांची नावं वाचते आहे. ‘उद्या बघू’ नावाचा घोडा मी पाहिला आहे. ‘बायकोला सांगू नको’ नावाची घोडी दोनदा जिंकली. तेव्हा ‘सगळं पिशवीत’ आणि ‘हलायचं नाही’ यात मला वावगं काय वाटणार? (दुसऱ्या घोड्याच्या मालकाची मात्र कीव आली. शर्यतीच्या घोड्याला असलं नाव कुणी ठेवतं?) मी शिक्का मारला आणि म्हटलं, “कुठल्या मैदानावर, राजा? वेळ लिहिली नाहीस. आणि लावायचे किती?”

माझा आवाज ऐकून तो विंचू चावल्यासारखा दचकला. तोंडातून शब्द नाही. कोटाच्या खिशात हात घालून त्याने आतूनच काहीतरी टोकदार पुढे केलं आणि दुसऱ्या हाताने एक पिशवी हलवली. मी म्हटलं, “पिशव्या आम्ही देत नाही रे, पलीकडे वाण्याकडे मिळेल.” त्याने चिठ्ठी ओढून घेतली आणि खाली आणखी एक शब्द खरडला: ‘बंदूक’. मी म्हटलं, “म्हणजे तीन घोडे? मग ही तिहेरी पैज झाली.”

एवढ्यात मागून विल्फ खेकसला, “अरे ए, शर्यत सुटायला आली! तुझं झालं असेल तर हो बाजूला!” मग त्याच्या खांद्यावरून चिठ्ठीत डोकावून म्हणाला, “नवखा दिसतोयस. हे बघ, आधी रक्कम लिहायची. इथं. आईनं काही शिकवलं नाही वाटतं!” आणि पेन त्याच्या हातात कोंबून, बोट ठेवून रक्कम लिहून घेतली: दोन पौंड. तो बिचारा लिहीत होता आणि टोपीखालून मानेवर घामाचे ओघळ येत होते. मी नियमाप्रमाणे विचारलं, “कर आत्ता भरणार की जिंकल्यावर?” त्याने खिशातून नाणी काढली, करासकट दोन पौंड वीस पेन्स मोजून फटीतून सरकवले, आणि पळाला. पळताना टोपी दाराच्या मोडक्या कडीत अडकली, ताणली आणि डोक्यावरून निघून तिथंच लोंबत राहिली. मला दिसली फक्त पाठमोरी मान. बाकीच्यांना तीही नाही, कारण शर्यत सुटली होती, आणि शर्यत सुटल्यावर आमच्या दुकानात कुणी कुणाचा गळा कापला तरी मान वळत नाही.

शर्यतीनंतर त्याची चिठ्ठी निकालाशी जुळवायला घेतली. सगळी नावं धुंडाळली. ‘सगळं पिशवीत’ कुठं नाही. मग पुन्हा वाचलं. मग घोडे विसरून वाचलं. मावशी, तेव्हा कळलं. मी स्टुलावरून खाली, काउंटरच्या आड जमिनीवर बसले. विल्फ काच ठोकत विचारत होता, “रॉझ, आहेस का गेलीस? माझे पैसे तेवढे दे गं आधी!”

पोलीस आला. तरुण, गंभीर. “काय काय नेलं?” मी म्हटलं, नेलं नाही, दिलं. दोन पौंड वीस. त्याने पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. शुक्रवारी प्रेंडरगास्टसाहेब आले. सगळं ऐकून म्हणाले, “म्हणजे बघ रॉझ, दरोडेखोरसुद्धा पैसे लावून गेला. संध्याकाळच्या धंद्यात दम आहे!” दुसऱ्या माणसाचं विचारलं, तर वहीत लिहून घेतलं.

गल्लीत सगळे म्हणतात, रॉझ धीराची. मी कितीदा स्वतःला विचारलं, आहे का? नाही. मी सवयीची आहे, एवढंच. समजलं असतं तर पेटी उघडून सगळं पिशवीत भरलं असतं आणि हललेही नसते. गुरुवारपासून भूक नाही. घंटा वाजली की आत येणाऱ्याच्या डोक्यावर टोपी आहे का, ते आधी बघते. जेफ म्हणतो, नोकरी सोड. पण त्याच्या एका पगारात घराचा हप्ता कसा बसायचा? तेव्हा परवा संध्याकाळी मी पुन्हा तिथंच असेन, दाराकडे तोंड करून, एकटी.

तब्येत सांभाळ. पट्टी बांध. मांजराला माझ्याकडून गोंजार.

तुझीच,
रॉझ

ता. क. आता तो प्रश्न पुन्हा. मावशी, क्लाइव्ह गुरुवारी संध्याकाळी कुठं होता? ती टोपी मी पोलिसांना दिली नाही. का दिली नाही ते मला स्वतःलाच कळेना; कडीतून काढली आणि सरळ माझ्या पिशवीत टाकली. घरी दिव्याखाली धरली तेव्हा कळलं. डाव्या डोळ्याचं भोक उजव्यापेक्षा बोटभर वर आहे. आम्ही सगळी भावंडं तू विणलेल्या असल्याच टोप्या घालून, एका डोळ्यानं बघत, समुद्रावरच्या वाऱ्यात शाळेत गेलो. आपल्या बंदरावर म्हणतात ना, बुडालेला खलाशी विणीवरून ओळखता येतो. मग जो बुडायच्या बेतात आहे त्यालाही ओळखता येतं. तो तोंडातून शब्द का काढत नव्हता, हेही कळलं. आणि चूक माझीही आहे: ईस्टरला तुझ्याच टेबलावर मी मोठ्यानं म्हटलं होतं, की गुरुवारी संध्याकाळी दुकानात मी नसते, नोरीन एकटी असते. तेव्हा बटाटे क्लाइव्ह वाढत होता. एवढा अडतीस वर्षांचा घोडा, मावशी! बहिणीचं सोड, नोरीनला तरी असं घाबरवावं का त्यानं?

ता. क. २. शुक्रवारी रात्रीपर्यंत तो माझ्या दारात आला आणि जे झालं ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर त्या मोकळ्या ओळीत मी लिहीन, ‘तोंड पाहिलेलं नाही.’ हे खरंच आहे. मी मान पाहिली. आला नाही, तर शनिवारी डाव्या डोळ्याचं सगळं सांगून टाकीन. भावाबिवाचं मी बघणार नाही. आला, तर आणखी एक अट. पुढच्या सोमवारपासून रोज संध्याकाळी त्याने दुकानात दाराजवळच्या खुर्चीत बसायचं, शटर पडेपर्यंत. टोपी न घालता. पैज लावायची नाही, विल्फशी बोलायचं नाही. पगार कंपनी देणार नाही. डबा मी देईन. कुणी विचित्र माणूस आत आला तर खाकरायचं, बस्स. म्हणजे मला संडासला तरी जाता येईल. आणि त्याला सांग, नाव न जुळणाऱ्या चिठ्ठीचे पैसे नियमाने फेव्हरिटवर, म्हणजे सगळ्यांचा भरवसा असलेल्या घोड्यावर, लागतात. फेव्हरिट शेवटचा आला. तेव्हा त्या आशेने यायला नको.

ता. क. ३. आत्ता पत्र पाकिटात घालताना टोपी समोर पडली होती. मला राहवलं नाही. डावीकडची वीण उसवून मी ते भोक खाली घेतलं. आता दोन्ही सारखी झाली. म्हणजे शनिवारी दाखवायला माझ्याकडे काही उरलं नाही, हे मला सुई खाली ठेवल्यावर सुचलं. हे क्लाइव्हला सांगू नकोस, आधी त्याला येऊ दे. टोपी त्याच्याबरोबरच पाठवीन. पहिल्यापासून दोन्ही डोळ्यांनी दिसलं असतं, तर काचेपलीकडे कोण बसलंय हे त्याला दारातूनच कळलं असतं.