डावा दिवा

एर्लांगेन, जर्मनी, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

आज मंदारने आमच्या जुन्या गाडीचे पिवळे पडलेले हेडलाइट काढून नवे बसवले. मंदार म्हणजे वरच्या मजल्यावरचा, पीएचडीवाला, तीही केमिस्ट्रीत. गाड्यांचा इंजिनिअर मी, आणि तीन महिने ‘पुढच्या शनिवारी नक्की’ म्हणत बसलो. शेवटी अनघाने त्यालाच विचारलं. माझी बायको त्याच्या हातात एकेक स्क्रू देत होती आणि हसत होती. माझ्याबरोबर अशी शेवटची कधी हसली?

मी बाल्कनीतून बघत होतो. अंधारून आल्यावर त्याने दिवे लावले. “गेनाऊ! अगदी बरोब्बर बसले बघ!” समोरच्या भिंतीवर उजेड पडला आणि मला लगेच कळलं, डावा दिवा फार वर लागलाय. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार. तरी बोललो नाही. गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीत नापास होऊ दे गाडी, असं खरंच मनात आलं. शी.

अनघा लगेच गाडी घेऊन शेजारच्या गावी, हेर्त्सोगेनआउराखला, मैत्रिणीकडे गेली. तासभर मला तो डावा दिवाच दिसत होता. परतली ती घाबरलेली. “समोरचे सगळे लाइट मारत होते रे. एक ट्रक तर अगदी अंगावर आल्यासारखा वाटला.”

खाली जाऊन दोन मिनिटांत दिवा नीट केला. ती शेजारीच उभी होती.

“डावाच आहे हे तुला कसं कळलं?”

“वरून दिसलं होतं.”

“कधी?”

“तू निघायच्या आधी.”

तिने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि वर निघून गेली.