कोचसाहेब घरी आहेत

३ एप्रिल

ईद झाली, पावने गेले, अन् आमच्या नवऱ्यानं, कोचसाहेबानं, माझं सैपाकघर बदलून टाकलं! मीठ वर, तेल खाली, तवा उभा. म्हने, "नजमा, सामान कसं पायजे, एका पावलात हात पोचला पायजे." अरे बाबा, लग्न होऊन आली तवापासून मी या खोलीत डोळे मिटून सैपाक करून राह्यली! आज मीठ समजून वरनात खायचा सोडा पडला. त्यानंच खाल्लं. गुपचूप. बरं झालं.

मस्कतचा करार संपला, नवा अजून कुठूनच नाई. मालदीव, बहारीन, मस्कत — सगळीकडं व्हॉलीबॉलच्या टीमचा असिस्टंट कोच. घरी आला की मात्र थेट हेड कोच! आजवर सुट्टी संपली की जायचा. आता सुट्टी संपतच नाई.

या अल्ला, याले लवकर कुठी तरी काम लागू दे.

५ एप्रिल

आज माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन बसला. लग्नसराई आहे, ब्लाउजचा ढीग पडला आहे, अन् हा आमच्या वच्छलेले सांगते, "तुमचे खांदे जाम आहेत, घडीघडी उठून हात फिरवा." ती बिचारी साधी. मशीन सोडून पंख्याखाली हात फिरवत उभी! मी डोळे वटारले तेव्हा बसली.

तो गेल्यावर वच्छला म्हने, "बाई, भाऊ आले तर तुम्ही खुश दिसून नाई राह्यल्या."

म्हटलं, "खुश आहो ना. फोनवर जास्त खुश राह्यते."

गडचांदूरहून शिरीनचा फोन. सासरी बसून मले शिकवते — "अम्मी, सांभाळून घे. अब्बाले रिकामं बसता येत नाई." मले काय येते का त्याले बसलेलं पाह्यता?

७ एप्रिल

दुवा कबूल! जंगलातल्या गावचा झिंगू आला, मोटरसायकलवर मागं दोघं बसवून. गावच्या टीमचा कॅप्टन आहे म्हने. मे महिन्यात गडचिरोलीले टुर्नामेंट आहे. "सर, आमाले शिकवा." कोचसाहेबाचा चेहरा असा फुलला! उद्यापासून सकाळी सहाले प्रॅक्टिस. मी झिंगूले दोनदा चहा पाजला. रोज न्या म्हटलं त्याले. हवं तर डबा देते.

८ एप्रिल

आठ वाजता परत. तोंड कडू. मैदानावर जाळी अन् एक कुत्रं, बाकी कोनी नाई! "डिसिप्लिनच नाई इथल्या मानसाले. बहारीनले एक मिनिट उशीर झाला तर..."

मी पोट धरून हसली. अहो, मोहाचे दिवस आहेत! पहाटे अख्खं गाव झाडाखाली फुलं वेचत असते, ते काय तुमच्या शिट्टीवर येतील? अहेरीत जन्मलेला मानूस, दुनिया फिरला अन् मोहा विसरला!

संध्याकाळी झिंगू आला. कोचसाहेब रागावलेला असन म्हनून मी आत थांबली, तर झिंगूच नाराज. म्हने, "सर, तुम्ही सहाले बोलावलं, आमाले वाटलं तुम्ही वेचायले येऊन राह्यले. मायनं तुमच्यासाठी टोपली ठेवली होती. आम्ही वाट पाह्यली."

कोचसाहेबानं गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

१० एप्रिल

गेला! टोपली घेऊन गेला. दुपारी आला तर कंबर धरून, पँटीचे गुडघे मातीनं भरलेले, अंगाले मोहाचा वास. मी तेल गरम केलं, कंबर चोळून दिली. ओरडला पन खुश होता.

"नजमा, ती पोरं वाकली की वाकलेलीच राह्यतात. जमिनीवर यायच्या आधी बॉल उचलाले मी पगार घेऊन शिकवत होतो. या पोरांले ते येतेच!"

प्रॅक्टिस आता दुपारनंतर, फुलं वाळत घातली की.

१६ एप्रिल

तवा आडवा ठेवला त्यानं. स्वतःहून. मी पाह्यलं, पन बोलली नाई.

१९ एप्रिल

वच्छलेनं ओढत नेलं म्हनून प्रॅक्टिस पाहाले गेली. इतक्या वर्षांत मी याले शिकवताना कधी पाह्यलंच नव्हतं! फोटो पाह्यले. फोटोत टीम असते, टाय लावलेला हेड कोच असते, अन् हा एका टोकाले, अर्धा कापलेला, हातात टॉवेल.

इथी मधात उभा होता. आवाज केवढा! मधात शिट्टी तोंडातून काढून गोंडीत काही तरी बोलला, ते चुकलं असन, सगळे खो-खो हसले, हाही हसला. झिंगूनं एक बॉल असा मारला की धूळ उडाली. यानं दोन्ही हात वर केले, पोरासारखे.

मले लय आवडला. लिहून टाकते, कोन वाचते!

२३ एप्रिल

दुकानात गर्दी. म्हने मी मदत करतो. ब्लाउजले हुक लावले, सगळे उलटे! वच्छला अन् मी उसवत बसलो, तो बाजूले बसून कैरी कापत होता, तिखटमीठ लावून एकेक फोड आमच्या तोंडात. काम झालं नाई. दिवस मस्त गेला.

आजकाल नमाजनंतर त्याच्या कामाची दुवा मागायची विसरूनच जाते.

२८ एप्रिल

आली. नोकरी आली.

मादागास्कर. नकाशात पाह्यलं, समुद्रात पडलेली चप्पल दिसते. त्या देशाची पुरुषांची टीम. अन् असिस्टंट नाई — हेड कोच! आयुष्यभराची हौस त्याची. फोन माझ्यासमोर ठेवला. एक तारखेले उत्तर पायजे.

"तू काय म्हनते?"

"जा ना. घराची काळजी करू नका."

तोंडातून आपोआप निघालं. दरवेळी हेच निघते. सासूनं शिकवलं होतं — सफरवर निघाल्याले टोकू नये, डोळ्यात पानी आनू नये. दंडावर इमाम जामिन बांधायचा, कापडात शिक्का शिवून, तो मानसाले राखते. अन् हसून दार उघडायचं. मी दरवेळी उघडलं. शिरीन पोटात होती तवाही हसली.

तो "ठीक आहे" म्हनला अन् ओट्यावर जाऊन बसला.

२९ एप्रिल

मागितलं ते भेटलं. मंग जीव काऊन असा होऊन राह्यला?

चार ब्लाउजची मापं चुकवली. वच्छलेनं मशीन बंद केली. "बाई, तुमच्या मनात काय आहे ते भाऊले माहीत आहे का?"

"त्याले समजत नाई का?"

"मानसाले नाई समजत. सांगा लागते."

लय शहानी झाली आहे! रागावली मी तिच्यावर. पन हेड कोच होऊन राह्यला तो, मी आडवी येऊ? उद्या तिकडं गेला नाई अन् मनात कुढत बसला तर? तोंड पाह्यवनार नाई त्याचं. अन् टोकल्यानं काही बरंवाईट झालं तर? सासू कबरीतून उठून येईल.

३० एप्रिल

सुटकेस काढली. त्यानं नाई, मीच. धूळ पुसली. इमाम जामिनचं कापड कापलं, शिवायले बसली तर सुई जाईना. अख्ख्या अहेरीचे ब्लाउज शिवते मी!

नाई पायजे मले मादागास्कर. नाई पायजे. मले हा मानूस घरी पायजे — माझं मीठ लपवनारा, माझं दुकान बुडवनारा. झालं, लिहून टाकलं. सकाळच्या चहाले बोलते. सासूबाई, माफ करा.

१ मे

बोलली. "जाऊ नका" म्हटलं.

कप खाली ठेवला त्यानं. मले वाटलं चुकलीच मी. मंग खाली पाहत म्हने, "नजमा, मालदीवले पहिल्यांदा निघालो तवापासून दरवेळी दारात बूट घालाले मी मुद्दाम उशीर करत होतो. म्हटलं, आता तरी थांबा म्हनशील."