आईने तेल लावलेले बूट

लिओनार्ड,

खाटेखाली शोधू नकोस, तुझे स्वेडचे बूट मागच्या ओट्यावर सावलीत वाळत ठेवलेत. बघून बोंबलू नकोस, आधी हे पुरतं वाच.

सकाळी आईने त्यांना खोबरेल चोळलं. "पोरगा मागणी घालायला निघालाय आणि बुटांना जरा म्हणून चमक नाही," म्हणाली. स्वेड म्हणजे लव असलेलं चामडं, ते चमकत नाही हे तिला सांगितलं कोणी? तू नाही, मी नाही. वर मीच तिच्यावर ओरडले. ती रडत मावशीकडे जाऊन बसलीय, संध्याकाळी तेरेसाच्या घरी येणार नाही म्हणते. तिला आणायला चाललेय.

बुटांवर पावडर थापली, तिने बरंचसं तेल ओढून घेतलं. मग शिळ्या पावाने घासले, किटलीच्या वाफेवर धरले आणि जुन्या टूथब्रशने लव उभी केली. मढ गावात शूटिंगवाल्यांचा कपडेवाला असंच करतो, मी बघून ठेवलं होतं. शाळा सोडली म्हणून डोळे नाही सोडले. झकास झालेत. फक्त डाव्याच्या टोकावरचा डाग हटेना, म्हणून उजव्याच्या टोकालाही तेवढंच तेल लावलं. आता जोडी जमली.

हेच बूट घाल रे. दुसरे घातलेस तर आई दारातूनच मागे फिरेल. आणि तेरेसाकडच्यांनी विचारलंच तर हसून सांग, आमच्यात नवरदेवाला तेल लावतात, आईला जरा घाई झाली.

भात झाकून ठेवलाय.

क्लॅरिस