तीन दारांपलीकडचं माहेर

॥ श्री ॥

इंदूर,
मंगळवार, २६ ऑक्टोबर १९९९

प्रिय अरुंधती,

तुझं पार्सल काल दुपारी मिळालं. निघालं ते असं: डिंक, खारीक, अळीव, खसखस, केळ्याचे वेफर्स, हिरवी साडी आणि भरिताची वांगी. भाडं तू भुसावळला भरलेलं असूनही बसवाल्याने वर दहा रुपये मागितले. मी पाच दिले. रिक्षाचे बारा. एकूण सतरा लागले. पुढच्या वेळी पार्सलवरच मोठ्या अक्षरांत लिहीत जा की भाडं दिलेलं आहे. दोन वांगी मऊ पडली होती, ती संध्याकाळीच भाजली. चातुर्मासात मी वांगं खात नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा ती माझ्यासाठी नव्हती हे समजले. आमच्या ह्यांनी आणि शामने ताटली पुसून खाल्ली. ऋजुताने वास घेऊनच तोंड फिरवलं. लेक तुझी, सून माझी, आणि भरीत नको म्हणते. डोहाळे म्हणतात ते हेच.

तिची तब्येत चांगली आहे, हे आधी लिहिते. सातवा लागला. पाय थोडे सुजतात, जेवण बरं आहे. साडी मी डोहाळजेवणासाठी देवापाशी ठेवली आहे. भाऊबीजेला रजत ओवाळून घ्यायला येणार आणि येताना ऋजुताला घेऊन जाणार, असं तू लिहिलं आहेस. रीतीप्रमाणे ते बरोबरच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण मधलं सगळं तुला ठाऊक नाही. ऋजुता तुला पत्रात "अभ्यास चालू आहे" एवढंच लिहीत असणार. आणि टेलिफोनवर बोलायचं तर पीसीओवाल्याच्या दुकानात चार माणसं कान देऊन उभी असतात, शिवाय मीटर पळतं. म्हणून पाकीट.

तिचं बी.कॉम.चं हे शेवटचं वर्ष. सकाळचं कॉलेज असतं, साडेदहाला घरी येते. परीक्षा मार्चमध्ये. जूनमध्ये दिवस राहिल्याचं नक्की झालं तेव्हा मी म्हटलं होतं की यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बस. फी भरायची तारीख आली तेव्हा ती म्हणाली, आई, या वर्षीची फी मी माझ्या कमाईतून भरते. शामचं तुला माहीत आहे, पिथमपूरचा कारखाना मोठा, पण तो ठेकेदाराचा माणूस, दर तीन महिन्यांनी ठेका नवा. ह्यांची मिल बंद होऊन आठ वर्षं झाली, कोर्टात तारखा पडतात. तेव्हा नको कुठल्या तोंडाने म्हणू? तासा-दोन तासांचं काही मिळालं तर बघ म्हटलं.

मिळणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा ती नव्या कॉलनीतल्या इंग्लिश शाळेत गेली. तिथल्या बाईंनी गोड बोलून विचारलं की फॅमिली प्लॅनिंगचं काय. हिने खरं सांगितलं. बाई आणखी गोड बोलल्या आणि म्हणाल्या, पुढच्या सत्रात या. मग कंप्यूटर शिकवणाऱ्यांच्या एका दुकानात गेली. हल्ली इथे पानाच्या टपरीइतकी ती दुकानं झाली आहेत. टाय लावलेला मुलगा म्हणाला, काउंटरवर प्रेझेंटेबल मुलगी पाहिजे. पोट असलं की प्रेझेंटेबल राहत नाही, हा त्याचा अर्थ मला शामने समजावून दिला. एसटीडी बूथवर बसायचं काम होतं, पण रात्री दहापर्यंत, ते मीच नाही म्हटलं. घरी येऊन ती चपला काढून सरळ पुस्तक घेऊन बसायची. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी तिला म्हटलं, खोटं बोलू नकोस, पण न विचारलेलं सांगायची तरी काय गरज? ती म्हणाली, "आई, आधी मी दिसू दे ना त्यांना. पोट मग दिसेलच." मला हे पटलं. चौथ्या ठिकाणी तिने तसंच केलं.

ते सियागंजातलं लोखंडी सामानाचं ठोक दुकान. कुलुपं, बिजागऱ्या, खिळे. दुपारी तीन ते सात बिलं लिहायची. सेठजी म्हातारे, धार्मिक, गल्ल्यावर लक्ष्मीची तसबीर आणि रोज ताजा हार. त्यांनी काही विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. तिचं अक्षर पाहून खूश झाले. सात-आठ दिवस बरे गेले. आणि मग दिव्यांची अवस आली, आणि त्याच दिवशी ग्रहण. तुमच्याकडेही दिसलं असेल, सूर्य खग्रास की काय म्हणून पेपरात रोज येत होतं. संध्याकाळी पाचचा स्पर्श, म्हणजे बरोबर तिच्या कामाच्या वेळेत. मी तिला उंबरा ओलांडू दिला नाही. तूही दिला नसतास. आतल्या खोलीत पाय लांब करून बसवली, हातात जपमाळ दिली. माळेखाली मांडीवर कॉस्टिंगचं पुस्तक उघडं होतं. ग्रहणात पुस्तक वाचू नये असं मी कुठे ऐकलेलं नाही, म्हणून ते राहू दिलं.

पण दुकानात निरोप तर द्यायला हवा. तो द्यायला हे गेले. तुला ह्यांचा स्वभाव माहीत आहे. तीस वर्षं मिलच्या हजेरी खात्यात काढली, कारण न देता एक दिवस घरी राहिले नाहीत आणि दुसऱ्या कुणाला राहू दिलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि सेठजींना सांगून आले की आमची सून गर्भवती आहे, चौथा महिना आहे, ग्रहणात बाहेर काढत नाही, तरी एक दिवसाची रजा मंजूर करावी. घरी येऊन मला म्हणाले, काम चोख करून आलो, सेठजी फार भले माणूस, पाणी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ऋजुता गेली तर तिच्या जागेवर दुसरी मुलगी. सेठजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पाव किलो पेढे दिले आणि म्हणाले, "बेटी, अब तू आराम कर. लोहे की दुकान है, कुछ ऊँच-नीच हो गई तो पाप मुझे लगेगा." झालेल्या दिवसांचा पगार पाकिटात घालून दिला, एक पैसा कापला नाही. त्या माणसाला दोष तरी काय द्यायचा? ती पेढे घेऊन घरी आली. ह्यांनी पेढा खाल्ला आणि मग विचारलं, कशाचे? तिने सांगितलं तेव्हा अर्धा पेढा तसाच हातात राहिला. दोन दिवस हे ताटात मान घालून जेवले. ऋजुतानेच शेवटी त्यांना वाढता वाढता म्हटलं, "बाबा, रजा मंजूर झाली, एवढं खरं." तेव्हा कुठे हसले.

समोरच्या काकीजींना विषयच हवा होता. मी नळावर होते तेव्हा गॅलरीतून म्हणाल्या, अब पेट से भी बहू कमाएगी और सास हिसाब लिखेगी. मी म्हटलं, हाँ काकीजी, लिखूँगी, पाई-पाई का. नळावरचं बोलणं नळावर सोडलं.

आपल्या मिलच्या लाइनीत तसंही आता बोलायला फार माणसं उरलेली नाहीत. एकेक घर सुरतेला, भिवंडीला जातं आहे. तुमच्या जुन्या खोलीतले संताजी मागच्या वर्षी सुरतेला लूमवर गेले, बायकामुलांना घेऊन. किल्ली माझ्याकडे आहे. त्यांचे देव त्यांनी नेले, कोनाडा रिकामा ठेवू नये म्हणून मी रोज संध्याकाळी तिथे दिवा लावते. तुझ्या बाबांनी तुझ्या दप्तरासाठी भिंतीत मारलेली खुंटी अजून आहे. संताजींच्या पोरांनीही दप्तरं तिथेच टांगली. आपण दोघी मॅट्रिकचा निकाल बघून आलो तेव्हा त्या खुंटीखाली बसून एका ताटलीत पोहे खाल्ले होते. तुला माझ्यापेक्षा मार्क जास्त होते, पोहे मी जास्त खाल्ले.

तर पुढचं. काम शेवटी मिळालं ते जिथे कुणी शोधायला जाणार नाही तिथे. पूर्णिमा मॅडमच्या दवाखान्यात मी तिला दर महिन्याला दाखवायला नेते. बायकांचाच दवाखाना आहे, बाळंतपणाच्या सहा खाटा. गणपतीच्या आधी गेलो तेव्हा बाकावर गर्दी, नंबर कुणाचा कुठला कळेना, कंपाउंडर एकटा, दोघी जणी भांडायला उठल्या. ऋजुता आपली उठली, टेबलावरची वही ओढली, सगळ्यांची नावं विचारून ओळीने लिहिली आणि एकेकीला आत सोडू लागली. आपला नंबर तिने शेवटी लावला. मॅडमने आत बोलावून रक्तदाब घेतला आणि विचारलं, उद्यापासून येशील का? अकरा ते तीन. मी मध्येच म्हटलं, मॅडम, हिला सहावा लागतोय. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "माताजी, यहाँ सबको कोई न कोई महीना लगा ही रहता है. यहाँ बैठेगी तो मेरी आँख के सामने रहेगी."

तेव्हापासून ती जाते. कॉलेज, मग दवाखाना, मग घरी येऊन पडते, मग अभ्यास. फी भरली. पहिल्या पगारातून देवापुढे सव्वा रुपया ठेवला आणि मला न विचारता ह्यांना पेढे आणले. पुढे शामच्या ठेक्याचं काही झालं तरी घरात चार पैसे येतील, हे तर आहेच. पण अरुंधती, तिच्या चेहऱ्याला जो रंग आला आहे तो हिशेबात मांडता येत नाही, आणि मी सगळं मांडते.

आता अडचण. मॅडमने सांगितलं आहे की जानेवारीत बाळंतपण इथे झालं आणि सव्वा महिन्याने ती परत आली, तर खुर्ची तिची. तेवढे दिवस कंपाउंडर आणि नर्स मिळून निभावतील. परंतु दिवाळीला गेली ती एप्रिलमध्ये येणार, तर त्यांना दुसरी मुलगी ठेवावी लागेल. त्यांचंही बरोबर आहे. आणि मार्चची परीक्षा भुसावळहून देता येणार नाही.

मी ऋजुताला म्हटलं, आईला लिही. तिने नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, "आई पहिल्या दिवसापासून खोली सारवते आहे, पाळणा रंगवून ठेवलाय. तिला मी नाही म्हणणार नाही." आणि ट्रंक भरायला काढली. खाली पुस्तकं ठेवली, वर साड्या. दुसऱ्या दिवशी मी बघते तर साड्या तशाच आणि पुस्तकं परत फळीवर, ओळीने लावलेली. नेऊन उपयोग नाही हे तिचं तिने ठरवून टाकलं आहे. मॅडमलाही सांगून आली की दिवाळीपर्यंतच येईन. मी हे पत्र लिहिते आहे हे तिला माहीत नाही.

तू म्हणशील, मग मी इंदूरला येऊन तिचं करते. मनात आलं तरी तू म्हणणार नाहीस, कारण तू माझ्याकडे पाणी पीत नाहीस. लग्नाला दोन वर्षं होतील. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही तुमची रीत, आमचीही आहे, मी तिला हसत नाही. पण मागच्या चैत्रात तू आलीस, माझ्या ओट्यावर बसलीस आणि पिशवीतून आपली बाटली काढून पाणी प्यायलीस, तेव्हा मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले. चाळीस वर्षांची मैत्रीण आणि दोन वर्षांची विहीण, यात विहीणच वरचढ ठरली.

म्हणून मी असं ठरवलं आहे. संताजींना पत्र घातलं होतं, त्यांचं कार्ड आलं, खुशाल वापरा म्हणतात, दिवा तेवढा चालू ठेवा. खोली तुझ्या बाबांची. तू तिथे जन्मलीस, तिथून सासरी गेलीस. तेव्हा ते तुझं माहेर, आणि लेकीचं आजोळ. ऋजुता डोहाळजेवण करून, ओटी भरून, रजतच्या हाताला धरून माझ्या घरातून रीतसर निघेल आणि तीन दारं चालून तुझ्याकडे येईल. बाळंतपण दवाखान्यात, अंघोळी आणि शेक तुझ्या हातचे, परीक्षेला जाईल तेव्हा बाळ आपल्या दोघींपाशी. यात रीत कुठे मोडते, मला दिसत नाही. देवालाही विचारून पाहिलं, त्याने नाही म्हटलं नाही. तू स्टोव्ह आण, तुझे गहू-तांदूळ आण, पाळणा आण, रजत उचलेल. माझ्या घरचा मिठाचा खडा तुझ्याकडे येऊ देणार नाही, शपथ. कळशीसुद्धा तुझी आण. नळ सगळ्या लाइनीचा आहे, तो काही माझा नाही. मी रोज तुझ्या दारात येऊन बसेन आणि तू वाढशील ते खाईन, मुलाच्या आईला कसली बंदी? आणि जानेवारीत बाळ रडलं की तिथून उठून सरळ माझ्याकडे चहाला यायचं. तुझी ती कान तुटलेली कपबशी मी घासून ठेवली आहे. मॅडमला पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत सांगायचं कबूल केलं आहे म्हणून सोबत पत्ता लिहिलेलं आंतर्देशीय घातलं आहे. त्यावर "येते" एवढं लिहिलंस तरी पुरे, उलटटपाली कळव.

तुझीच,
इंदुमती