राऊत सर, तुम्ही लिहून दिलं नाहीत

राऊत सर,

परवा कळंबहून शाळेचा फोन आला होता. रविवारी तुमची शोकसभा आहे. "तू सरांची लाडकी विद्यार्थिनी, दोन शब्द बोल." मी नाही म्हणाले. मला जे बोलायचं आहे ते तिथे कुणालाच ऐकवणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

मला तुमचा राग आला आहे, सर. तुम्ही गेलात याचा नाही. लिहून न देता गेलात याचा.

बारावीत मुलींच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली ऑफिसात क्लार्ककडे. मागायला गेलं की तो सगळ्यांसमोर विचारायचा, "आताच तं गेलती न! पुन्हा काहून?" आम्ही शाळेत पाणी प्यायचंच सोडलं होतं. हे मी तुम्हाला सांगितलं. अर्ज करा, असं कोण म्हणालं? मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात फेऱ्या मारत मजकूर कुणी सांगितला? मी फक्त उतरवून घेतला. "पहिली सही तू कर," म्हणालात, "मी आहो न तुह्या मांगं."

अर्ज यवतमाळला शिक्षणाधिकारी साहेबांकडे गेला आणि संस्थेची माणसं चौकशीला बसली. मुलींना कुणी भडकावलं, असं त्यांनी विचारलं. तुम्ही त्याच टेबलाशी बसला होतात. म्हणालात, "मला काही कल्पना नाही."

तुमचं नाव मी तेव्हाच घेऊ शकत होते! घेतलं नाही. मला वाटलं, तुम्ही स्वतःच घ्याल. किती मूर्ख होते मी!

सात दिवस शाळेबाहेर काढलं मला. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांचं 'चांगली' असतं. माझ्या दाखल्यावर 'शिस्तभंगाबद्दल कारवाई' आलं. नागपूरच्या त्या नावाजलेल्या कॉलेजात मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. माझे मार्क वाचलेच नाहीत.

मग यवतमाळलाच बीए केलं. घरातली पहिली पदवीधर म्हणून आईने पेढे केले. तुमच्याकडेही मी घेऊन आले. तुम्ही दोन खाल्लेत. पुण्याला लॉसाठी अर्ज करायचाय, खरं काय ते लिहून द्या, असं म्हटलं तेव्हा हसलात. काकूंना आत ओरडून सांगितलंत, "चहा टाक वं, माही वकिलीण आली!" आणि मला म्हणालात, "रिटायर होऊ दे, मंग देतो. आता संस्थेशी वाकडं कायले घेऊ?"

रिटायर झालात. मग पेन्शनचे कागद अडले होते. तेही निघाले. मग तुमचा गुडघा दुखत होता. सर, गुडघ्याने लिहितात का?

तुम्ही शिकवायचात फार चांगलं, हे मी नाकारत नाही. मला चार वाक्यं धड लिहिता येतात ती तुमच्यामुळे. म्हणून तर जास्त चीड येते. न शिकवणाऱ्या माणसाकडून मी काही अपेक्षाच केली नसती.

पुण्याच्या फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे. त्यात विचारलंय, पूर्वी कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का? होय की नाही? बाबा लोहारा एमआयडीसीतल्या कारखान्यातून दमून आले तरी माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "'नाही' लिही न बाई. पुण्याहून कोन पाहाले येते?" आणि 'होय' लिहिलं तर माझ्या बाजूने बोलू शकणारा एकच माणूस होता. त्याची रविवारी शोकसभा आहे.

मी 'होय' लिहिणार आहे, सर. स्पष्टीकरणाच्या जागेत किल्ली, अर्ज, चौकशी, सगळं लिहीन. मजकूर सांगणाऱ्याचं नावही लिहीन, आडनावासकट. बाबा म्हणतात, "गेलेल्या मानसाचं नाव कायले घेतं?" पण आता संस्था तुमचं काय वाकडं करणार आहे?

प्रवेश मिळो, न मिळो. यापुढे तुम्हाला सांभाळून घेण्यासाठी मी गप्प बसणार नाही, एवढं वचन देते.

पल्लवी