मेथी, वह्या आणि सूप

आई, तुला ऐकवायचं राहून गेलंय, म्हणून लिहिते. तुझी नात परवा सांबऱ्याहून विमानात बसणार. इंडोनेशियाला, शिकायला. काय शिकायला, तर बांबूच्या टोपल्यांना बेटाबेटांवर काय म्हणतात ते. काल दादा निपाणीहून मुद्दाम खासबागेत आमच्या घरी आला, चिकोडीचं स्थळ घेऊन. "टोपल्यांची नावं शिकायला समुद्रापार? बाजारात चल की गं, बुट्टीवाली फुकट सांगती." पोरगी हसली. "मामा, मलेशियात बाकुल म्हणतात, फिलिपिन्सला बाकोल. मधे एवढा समुद्र, तरी शब्द एकाच घरातला. आपल्या सुपासारखंच तिकडंही असतं, त्याला जाव्यात तंपाह म्हणतात. हे सगळं कुठनं कुठं गेलं, तेच शोधायचंय." "लगीन कर, मग दोघं मिळून शोधा," दादा म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "आई असती तर हे चाललं नसतं."

व्हय, चाललं नसतं.

मला निपाणीचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. मी मॅट्रिक पास झालेय, तू नवं सूप आणलंयस. मी कॉलेजचं विचारते आणि तू मेथ्या भिजत घालतेस. सुपाच्या फटी बुजवायला मेथी आणि कागदाचा लगदा लागतो, हे मला माहीत होतं. कागद माझ्या वह्यांचा असेल, हे नव्हतं. पाट्यावर इतिहास, भूगोल, मेथी सगळं एकत्र वाटलं जातंय. "पास झालीस न्हवं? मग वह्यांचं काय लोणचं घालायचंय?" तू ते सूप दोन्ही अंगांनी सारवलंस, उन्हात वाळवलंस, आणि सासरी निघताना माझ्या हातात दिलंस. मी खाली वाकून नमस्कार केला. बोलायची रीत नव्हती.

काल बोलले. "दादा, स्थळ परत ने. पोरगी जाणार." "देवीला तरी कौल लाव," तो म्हणाला. दर शुक्रवारी मी परडी भरते, हे त्याला ठाऊक आहे. म्हटलं, "देवीची परडीबी बांबूचीच की. ती घेऊन देवी घरोघर फिरती. ती कुठल्या तोंडानं पोरीला घरात बस म्हणंल?" दादा चहा अर्धा टाकून उठला. तो मी गरम करून प्यायले, वाया कशाला घालवायचा.

लोक म्हणतात, त्या काळी बायकांच्या हातात काय होतं? आई, तुझ्या हातात माझ्या वह्या होत्या. त्या फळीवर ठेवायला काळ आडवा येत नव्हता.

पोरीनं तू दिलेलं ते सूप मागितलं, तिकडं दाखवायला. मी बाजारातनं नवं आणलं. मेथ्या भिजल्यात. आता हा कागदही त्यातच घालणार आहे, म्हणजे पत्र नव्या सुपावरनं तिच्याबरोबर जाईल. जुनं मात्र देववलं नाही. दरवर्षी नवरात्राआधी ते मी सारवते, पण एक कोपरा सोडून. तिथं लगद्यात अजून निळी शाई दिसते. अक्षर एकही लागत नाही. तांदूळ पाखडताना माझा अंगठा तिथंच असतो.